"काका, याचे किती येतील?"

गेल्या रविवारी आमच्या गल्लीतला एक मुलगा पत्र्याचा जुना बिस्किटाचा डबा घेऊन घरी आला. कोरेगाव तालुक्यातलं त्यांचं जुनं घर पाडायला काढलंय. माळ्यावर लोखंडी ट्रंक निघाली, ट्रंकेत हा डबा, डब्यात फडक्यात बांधलेले चार-पाच कागद. भंगारवाल्याने ट्रंकेचे पैसे दिले, डबा तसाच परत दिला. मला जुन्या नोटा आणि सरकारी कागद जमवायचा नाद आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मुलाने डबा टेबलावर ठेवला आणि सगळे विचारतात तोच प्रश्न विचारला, "काका, याचे किती येतील?"

मी फडकं सोडलं. आत होतं ते असं: जपानी सरकारची बर्मासाठी छापलेली पाच रुपयांची नोट. इटलीत चाललेली लष्करी चलनाची एक छोटी, जवळजवळ चौकोनी नोट. बचत-तिकिटं चिकटवलेलं पोस्टाचं एक अर्धवट कार्ड. दोऱ्यात ओवलेला एक भोकाचा पैसा. आणि १९६५ सालची, सोनं जमा केल्याची एक पावती.

बाजारभावाने बोलायचं तर सगळं मिळून दोघांचं बऱ्यापैकी जेवण होईल, एवढंच. त्याला तसं स्पष्ट सांगितलं. त्याचा चेहरा पडला. म्हटलं, बस जरा, चहा घे. पैसे फार येणार नाहीत, पण हिशोब बराच येईल. तो हिशोब त्याला सांगितला, तोच इथे लिहितोय. कारण युद्धाच्या बातम्या आल्या की आपल्याकडे सगळे नकाशे आणि रणगाडे बघतात, बिल कुणाच्या नावावर फाडलं गेलं ते फारसं कुणी बघत नाही.

आधी ती जपानी नोट. १९४२ च्या सुरुवातीला जपानने बर्मा घेतला. रंगून तेव्हा निम्म्याहून जास्त भारतीयांचं शहर होतं. लाखो माणसं जंगल-डोंगर तुडवत आसाम आणि मणिपूरकडे चालत निघाली, त्यातली हजारो वाटेतच गेली. बर्माचा व्यवहार आपल्यासारखाच रुपयात चालायचा, म्हणून जपान्यांनी तिथे रुपयाच छापला. मलायासाठी डॉलर, फिलिपिन्ससाठी पेसो, बर्मासाठी रुपया. नोटेवर देवळाचं सुरेख चित्र आहे. इंग्रजीत लिहिलंय की जपान सरकार धारकाला मागणी करताच पैसे देण्याचं वचन देतं. पण नोटेवर अनुक्रमांकच नाही! नुसती दोन-तीन अक्षरं, त्यात बर्माचा 'बी'. आपली कुठलीही नोट बघा, तिला नंबर असतो, कारण छापणाऱ्याने किती छापल्या याचा हिशोब ठेवायचा असतो. ज्याला हिशोब ठेवायचाच नाही, त्याला नंबर कशाला लागतो?

जे व्हायचं तेच झालं. नोटा वाटेल तेवढ्या छापल्या, वस्तू मिळेनाशा झाल्या. मे १९४५ मध्ये ब्रिटिश फौजा रंगूनला परत आल्या आणि या नोटा चलनातून बाद झाल्या. इंग्रजांनी रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर 'बर्माचं लष्करी प्रशासन, फक्त बर्मातच कायदेशीर' असा लाल ठसा मारून त्या तिथे चालवल्या. तीन वर्षं ज्याने माल विकून, मजुरी करून जपानी नोटा साठवल्या होत्या, त्याच्या हातात रद्दी उरली. आपल्या शिपायांनी त्या रस्त्यावरून उचलल्या आणि आठवण म्हणून घरी आणल्या. त्या मुलाचे पणजोबा बर्माच्या आघाडीवर होते, नोट त्यांनीच आणलेली. आज ती स्वस्तात मिळते ती याचमुळे. आपल्याला वाटतं जुनी म्हणजे दुर्मीळ, पण छापणाऱ्याने हातच आखडला नाही तर ऐंशी वर्षांनीही ती दुर्मीळ होत नाही.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. याच रंगूनमध्ये एप्रिल १९४४ मध्ये नेताजींच्या सरकारने आझाद हिंद बँक सुरू केली होती. बँक खरी होती, लोकांनी तिला पैसा आणि दागिने दिले हेही खरं. पण तिच्या नावाच्या कडक, चकचकीत नोटा आज ऑनलाइन विकल्या जातात, त्यात बनावट मालाचा सुळसुळाट आहे. भावनेच्या भरात घेऊ नका. जाणकाराला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आता इटलीची नोट. माझ्या मते डब्यातला सगळ्यात बोलका कागद हाच. जुलै १९४३ मध्ये दोस्त फौजा सिसिलीत उतरल्या. त्यांच्यासाठी अमेरिकेत छापलेल्या या लिरा. शंभर लिरांना एक डॉलर आणि चारशे लिरांना एक पौंड, असा दर ठरवून दिलेला. संग्राहक भिंगाने तिच्यावर बारीकसा 'एफ' शोधतात, तो सापडला तर नोट बॉस्टनच्या एका छापखान्यातली. पण भिंग बाजूला ठेवा आणि नोट पालथी करा. मागच्या बाजूला इंग्रजीत चार गोष्टी छापल्यात: बोलण्याचं स्वातंत्र्य, धर्माचं स्वातंत्र्य, अभावापासून मुक्ती आणि भयापासून मुक्ती. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जानेवारी १९४१ मधल्या भाषणात सांगितलेली ही चार स्वातंत्र्यं.

अशा नोटा खिशात घेऊन इटलीत कोण लढत होतं? आपले मराठे. जुलै १९४४ मध्ये टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर झडप घातली, ते तिथेच पडले. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना वाचवलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि त्याच काळात त्यांच्या देशात काय चाललं होतं? नेहरूंसह हजारो लोक तुरुंगात. बोलण्याचं स्वातंत्र्य इथे नव्हतं. अभावापासून मुक्ती म्हणाल तर १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचं साल, लाखो माणसं अन्नावाचून मेली. आमच्या सातारा जिल्ह्यात त्याच वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी रेल्वे लुटली गेली. म्हणजे एकाच गावातला एक भाऊ साहेबाच्या पगारावर इटलीत, आणि भाऊबंदातला दुसरा साहेबाचा पगार लुटणाऱ्यांच्या बाजूने. कुणाला देशभक्त म्हणायचं, असा वाद आपण आज आरामात घालतो. त्या घरांमध्ये दोन्ही माणसं एकाच पंक्तीत जेवलेली होती.

ही नोट मुलाच्या पणजोबांच्या थोरल्या भावाची. तो इटलीहून परत आलाच नाही. त्याच्या सामानाबरोबर नोट आली.

मग ते पोस्टाचं कार्ड. १९४० मध्ये सरकारने दहा वर्षांची संरक्षण बचत प्रमाणपत्रं काढली. ज्याच्याकडे एकदम दहा रुपये नाहीत त्याने पोस्टातून छोटी तिकिटं घ्यायची, कार्डावर चिकटवायची, दहा रुपये भरले की प्रमाणपत्र घ्यायचं. या कार्डावर चार-चार आण्यांची तिकिटं आहेत, निम्मंसुद्धा भरलेलं नाही. पुढे १९४३ मध्ये बारा वर्षांची राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रं आली, दहाचे पंधरा होणारी. हो, तुम्ही-आम्ही मार्चमध्ये कर वाचवायला पोस्टात धावतो ते एनएससी! त्याचा जन्म युद्धातला आहे. लोकांच्या हातातला पैसा काढून घ्यायचा, म्हणजे महागाई जरा आटोक्यात राहील आणि युद्धाला पैसाही मिळेल, असा दुहेरी हेतू.

पण महागाई आटोक्यात राहिली का? युद्ध सुरू झालं तेव्हा देशात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. संपलं तेव्हा अकराशे कोटींच्या पुढे. सहा वर्षांत सहापट! घाऊक भाव अडीचपटीच्या आसपास गेले. आता गणित मांडा. दहा रुपये बारा वर्षं गुंतवून पंधरा मिळणार, आणि दहा रुपयांची ज्वारी दोन-तीन वर्षांतच वीस-पंचवीसला गेलेली. सरकारने वचन मोडलं का? नाही. पंधरा सांगितले, पंधरा दिले. पण रुपया तोच राहिला नव्हता. बर्मातल्या माणसाचं एका दिवसात बुडालं, साताऱ्यातल्या माणसाचं हळूहळू झिजलं. भोकाचा पैसासुद्धा याच १९४३ चा. तांबं युद्धाला हवं होतं म्हणून पैसा लहान केला आणि मधलं तांबं काढून घेतलं. आपल्या आज्या-पणज्यांनी तो लेकरांच्या करदोट्यात बांधला. महागाई म्हणजे काय हे कुणाला समजवायचं असेल तर मी तो पैसा दाखवतो. नावाला पैसाच, मधून पोकळ.

एवढ्या नोटा छापल्या कशासाठी, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. डब्यात नसलेला सगळ्यात मोठा कागद तो. भारतात इंग्रज सरकार आपल्या युद्धासाठी धान्य, कापड, तंबू, बूट असं सगळं घेत होतं. त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत भारताच्या नावे जमा व्हायचे, त्या कागदांच्या तारणावर इथे रिझर्व्ह बँक रुपये छापायची आणि त्या रुपयांनी इथला माल उचलला जायचा. माल आज गेला, पैसे नंतर कधीतरी. यालाच स्टर्लिंग शिल्लक म्हणतात. युद्धाच्या शेवटी ब्रिटन भारताचं सव्वाशे कोटी पौंडांहून जास्त देणं लागत होतं. म्हणजे बघा, ज्या देशात माणसं उपाशी मरत होती तो देश साहेबाचा सावकार झाला होता. कागदावर.

या हिशोबाच्या टेबलावर एक मराठी माणूस होता. चिंतामणराव देशमुख, रायगड जिल्ह्यातल्या महाडकडचे. ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात ते होते, आणि आमच्या या पैशांचं काय, हा प्रश्न भारताने तिथे मांडला. जगाने तो बाजूला सारला, म्हणे तुम्ही आणि ब्रिटन आपसात बघा. स्वातंत्र्यानंतर ब्रिटनशी करार करत करत हा पैसा हप्त्याहप्त्याने सुटला. मध्येच सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचं तीस टक्क्यांनी अवमूल्यन झालं, म्हणजे डॉलरमध्ये मोजलं तर उरलेल्या रकमेची किंमत त्या दिवशी तेवढी घटली. देशमुखांची सही असलेली नोट हातात आली की मला हे आठवतं. आपण सही बघतो, सही करणाऱ्याच्या डोक्यावर काय होतं ते दिसत नाही.

शेवटचा कागद, १९६५ ची पावती. संदर्भ तुम्हाला माहीत आहे. १९६२ ला चीनकडून मार खाल्ला, आमचे कऱ्हाडचे यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. १९६२ ला एकदा आणि १९६५ ला पुन्हा सरकारने सुवर्ण रोखे काढले. ऑक्टोबर १९६५ चे जे राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोखे, त्यांची अट सोपी होती. सोनं द्या, दर दहा ग्रॅमला वर्षाला दोन रुपये व्याज घ्या, आणि पंधरा वर्षांनी पैसे नाही, सोनंच परत घ्या. मुलाच्या पणजीने पाटल्या दिल्या होत्या.

मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हटलं, आजोबांना फोन लाव. आजोबा ऐंशीच्या घरात, गावाकडेच असतात. स्पीकर चालू केला. पावतीचं ऐकलं आणि म्हातारा खुलला. "आरं, आईच्या पाटल्या त्या! आबा म्हणलं, द्यायच्या. आई दोन दिवस जेवली नाय. शेजारची म्हणायची, गेलं तुजं सोनं, सरकारच्या घशातलं कदी बाहीर येतं व्हय? आन ऐंशी साली आलं की! साताऱ्याला जाऊन मी सोता आनलं. तुज्या आजीच्या गळ्यात हाय, ते त्याच सोन्याचं."

तर हे वचन सरकारने पाळलं. २७ ऑक्टोबर १९८० ला रोख्यांची मुदत संपली, लोकांना सोनं मिळालं. १९६५ मध्ये तोळ्याचा भाव शंभरच्या आत होता, १९८० मध्ये हजाराच्या वर. कागदी रुपयात दिलं असतं तर पणजीचं सोनं भोकाच्या पैशासारखंच पोकळ झालं असतं. सोन्याच्या बदल्यात सोनं, या एका अटीमुळे ती वाचली.

यावरून आठवलं. हैदराबादच्या निजामाने १९६५ ला पाच टन सोनं देशाला दान दिलं, ही पोस्ट तुम्हाला वर्षातून दोनदा तरी येत असेल. माहितीच्या अधिकारातून जे बाहेर आलं त्यानुसार निजामाने सव्वाचार लाख ग्रॅम सोनं या योजनेत गुंतवलं होतं. म्हणजे ४२५ किलो, आणि तेही दान नाही. यात निजामाला कमीपणा येत नाही, रक्कम मोठीच आहे. पण दान आणि कर्ज यातला फरक आपण विसरता कामा नये. दान दिलं की विषय संपला. कर्ज दिलं की देणाऱ्याला विचारण्याचा हक्क राहतो. शेजारणीचा टोमणा आणि पणजीचा दोन दिवसांचा उपास, दोन्ही त्या हक्काचेच भाग आहेत. देशासाठी द्यावं, जरूर द्यावं. पण पावती घ्यावी आणि ती जपून ठेवावी. पावती मागणं म्हणजे देशावर अविश्वास नव्हे.

फोन ठेवायच्या आधी मी आजोबांना विचारलं, तुमचे थोरले चुलते इटलीत कुठे गेले? ते म्हणाले, ठाऊक नाही. तार आली होती एवढंच ऐकलंय. काकी शेवटपर्यंत त्या नोटेला हात लावू द्यायची नाही, तिला वाचता येत नव्हतं.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची नावं शोधता येतात, फुकट. अडचण एकच. साहेबाने आपली नावं ऐकू आली तशी लिहिली. आम्ही आडनावाची तीन स्पेलिंगं टाकून बघितली. चौथीला सापडलं. शिपाई, मराठा पलटण, वडिलांचं नाव, गावाचं नाव मोडकंतोडकं, पुढे 'सातारा'. सांग्रो नदीजवळच्या स्मारकावर नाव कोरलेलं आहे. तिथे ज्या भारतीय शिपायांना अग्नी दिला, त्यांचं ते स्मारक. ऐंशी वर्षं घरात कुणालाच पत्ता नव्हता आणि नाव तिकडे दगडावर होतं.

पोराने परत फोन लावला. आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जाळलं व्हतं म्हंजी त्यास्नी. नीट केलं म्हनायचं. काकीला कुनी सांगितलंच न्हाय."

मुलाने डबा परत नेला. किती येतील हे पुन्हा विचारलं नाही, मीही काढलं नाही.

आता तुमच्यासाठी. आपल्या जिल्ह्यात क्वचितच एखादं जुनं घर असेल ज्यातून कुणी ना कुणी पलटणीत गेलं नाही. घरं पाडली जातायत, माळे रिकामे होतायत. एवढं करा. ट्रंकेतले कागद भंगारात देण्याआधी एकदा बघा. नोटेला चिकटपट्टी लावू नका, इस्त्री फिरवू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर पेन्सिलने लिहा: कुणाची, कुठून आली, कुणी सांगितलं. नोट बाजारात पुन्हा मिळेल, पाकिटावरची ती ओळ मिळणार नाही. आणि घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर आजच फोन लावा.

कुणाला नाव शोधायला मदत हवी असेल तर कॉमेंटमध्ये फक्त तालुका आणि पलटण लिहा, नाव-गाव मला खाजगीत पाठवा. आपण मिळून स्पेलिंगं लावून बघू. तीन वेळा नाही सापडलं तर चौथ्यांदा बघू.